आगर आणि अगार

मराठीच्या प्राध्यापकाला एक खोड असते. शब्द भेटला की तो आधी त्याचे कूळ, गोत्र आणि मूळ गाव विचारतो, अर्थाची चौकशी मागाहून करतो. मी राहतो त्या गावाचे नाव आगर. डहाणूला खेटून, समुद्राच्या अंगाला. या एका शब्दावर मी वर्गात अर्धा तास सहज घालवू शकतो, आणि मुलांचे दुर्दैव असे की घालवतोही. आमच्या कोकणपट्टीत आगर म्हणजे नारळी-पोफळीची वाडी. हाच शब्द मिठाच्या संगतीला गेला की मिठागर होतो. ‘विद्येचे आगर’ म्हटले की तो एकदम प्रतिष्ठित होतो, आणि एस.टी.च्या पाटीवर एक काना जास्त घेऊन ‘आगार’ झाला की गाड्या सांभाळीत बसतो. या शब्दाची सारी भावकी आपल्याला ठाऊक आहे, असा माझा समज होता.

तो समज एका डिसेंबरातल्या दुपारी फोनवर मोडला. पलीकडून आरोग्य केंद्राच्या डॉक्टरबाई बोलत होत्या. म्हणाल्या, “सर, तुमची खीर अगारवर टाकली आहे. परवापर्यंत कळेल.”

मी म्हटले, “आगरवर? अहो, खीर झाली ती तलासरीकडच्या पाड्यावर. आगरात कोणी आणून टाकली?”

बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग हसल्या. ते हसणे मला त्या वेळी अजिबात आवडले नाही, कारण मी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. माझी एकेचाळीस माणसे उलट्यांनी आडवी झाली होती.

दिवाळी अंकासाठी संपादकांनी “काहीतरी फराळासारखे खुसखुशीत द्या” असे कळवले असताना मी उलट्यांची कथा घेऊन बसलो आहे, याची मला जाणीव आहे. परंतु ही कथा सांगायला मी काही वर्षे टाळाटाळ केली आहे. आणखी एक वर्ष टाळणे बरे नव्हे.

आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर होते. मुक्काम पाड्यावरच्या शाळेत, काम बंधाऱ्याचे. पंचावन्न मुलेमुली, आम्ही चार प्राध्यापक, आणि स्वयंपाकाला त्याच पाड्यावरच्या एक मावशी. मावशी वारली समाजातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. बोलणे कमी, हाताला चव भरपूर. लग्नाकार्यात पंचक्रोशीतले लोक त्यांना चुलीवर बोलावीत आणि त्या चार पैशांवर त्यांचे घर चाले. सात दिवस त्यांनी आम्हांला वेळेवर आणि पोटभर जेवू घातले. एकाही मुलाने नाक मुरडले नाही, आणि वसतिगृहात वाढलेल्या मुलांच्या बाबतीत ही गोष्ट सामान्य नव्हे.

समारोपाच्या दिवशी तांदळाची खीर करावी अशी टूम निघाली. टूम माझीच. सकाळी सातलाच मावशींनी मोठ्या पातेल्यात खीर शिजवली, चमचाभर चाखली आणि पातेले खाली उतरवले. मग माझ्यातला आगरकर जागा झाला. खिरीला ओले खोबरे हवे, आणि नारळ खवावा तर तो नारळी-पोफळीतल्या माणसानेच! मी विळी पुढ्यात ओढली आणि मुलींना खोबरे कसे खवावे याचे प्रात्यक्षिक दिले. दोन दिवसांपूर्वी याच विळीवर असेच प्रात्यक्षिक देताना माझे बोट कापले होते. मला मधुमेह आहे. जखम लवकर भरत नाही. बोट सुजले होते, ठणकत होते, थोडे पिकलेही होते. त्यावरची पट्टी भिजली म्हणून मी काढून टाकली. खवलेले खोबरे कोमट खिरीत हाताने सारखे केले, झाकण ठेवले आणि भाषणाच्या तयारीला लागलो.

पाहुणे उशिरा आले, भाषणे लांबली. माझे सर्वांत लांबले. जेवायला एक वाजला. भात, वरण, वांग्याचे भरीत, खाणाऱ्यांसाठी सुक्या बोंबलाची चटणी, आणि खीर. साखर वर्ज्य असल्यामुळे मी खीर खाल्ली नाही, आणि हा संयम चारचौघांना दिसेल अशा बेताने वाटी बाजूला सारली.

साडेतीनच्या सुमारास पहिला मुलगा उठून बाहेर पळाला. मग दुसरा, मग तिघी मुली. हां हां म्हणता शाळेच्या ओसरीचा दवाखाना झाला. कोणी पोट धरून बसलेले, कोणी भिंतीला डोके टेकलेले. एका मुलीचे हातपाय गार पडले, तेव्हा मात्र माझे पाय लटपटले. पंचावन्न आईबापांनी आपली पोरे माझ्या शब्दावर पाठवली होती. जीप आल्या, रुग्णवाहिका आली. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस जण आडवे झाले होते.

माणूस घाबरला की दोन गोष्टी करतो. एक, अपराधी शोधतो. दोन, झाडलोट करतो. मी दोन्ही केल्या. सुक्या बोंबलाचे नाव घेतले, पाण्याचे घेतले, आणि अखेर मावशींचे घेतले. मुलांपैकी कोणीतरी म्हणाले, “मावशींनी स्वतः खीर खाल्ली नाही, सर.” हे खरे होते. त्या सगळ्यांच्या शेवटी जेवत आणि खिरीची आपली वाटी त्यांनी खाल्लीच नव्हती. बस्स! मला तेवढे पुरले. पाड्यावरची माणसे जमली होती, काही पालकही येऊन पोचले होते, त्यांच्या देखत मी म्हणालो, “हाताची स्वच्छता नको का ठेवायला? एवढी मुले तुमच्या भरवशावर!” मावशी काही बोलल्या नाहीत. पदराने हात पुसत उभ्या राहिल्या. आणि मी मुलांकडून उरलेसुरले अन्न खड्ड्यात ओतवले, भांडी घासून लख्ख करवली आणि वर ब्लीचिंग पावडर टाकवली.

रात्री आठला डॉक्टरबाई आल्या. वय तिशीच्या आत. सलाइनची व्यवस्था पाहिली, गार पडलेल्या मुलीला तपासले, मीठ-साखरेचे पाणी कोणाला किती द्यायचे ते सांगितले. मग माझ्याकडे वळून पहिला प्रश्न विचारला, “अन्न कुठे आहे?”

मी अभिमानाने सांगितले, “सगळे पुरून टाकले. भांडीसुद्धा निर्जंतुक केली आहेत.”

बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, “सर, चोरी झाल्यावर तुम्ही पोलीस यायच्या आत ठसे पुसून घर सारवून ठेवलेत.”

मी वरमलो. त्या पुढे म्हणाल्या, “आता मुलांच्या उलटीतून काही निघेल, नाही असे नाही. पण अन्नच नसेल, तर कशातून गेले हे मी शपथेवर कसे सांगू?”

तेवढ्यात मागून मावशींचा आवाज आला. “माझ्या डब्यात आहे.”

सगळ्यांनी वळून पाहिले. नातीसाठी म्हणून त्यांनी आपल्या वाटणीची खीर दुपारी एका डब्यात काढून ठेवली होती. घरी जायला रात्र होणार, खीर नासेल, म्हणून लगेच तो डबा रस्त्यावरच्या दुकानात थंड पेयांच्या फ्रीजमध्ये ठेवायला दिला होता. त्यांनी खीर का खाल्ली नाही, याचे उत्तर एवढे साधे होते. माझ्या डोक्यात ते आले नाही.

आणि आता जे मी म्हणालो, ते लिहिताना आजही पेन अडखळते. मी त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हटले, “मावशी, विचार करा. त्यात काही निघाले तर तुम्हांलाच त्रास होईल.” मला वाटले, मी त्यांच्यावर उपकार करतो आहे.

मावशी म्हणाल्या, “माझ्या हातून झालं असेल तर कळू दे. नसेल झालं, तरी कळू दे.”

प्रयोगशाळा कशासाठी असते, यावर मी पुढे पुष्कळ वाचले. या दोन वाक्यांहून नेमके उत्तर मला कुठे सापडले नाही.

त्या रात्री डॉक्टरबाईंनी आणखी एक काम केले. ते मला तेव्हा अगदी कारकुनी वाटले. वही घेऊन त्या प्रत्येकाजवळ गेल्या, आजाऱ्यांजवळ आणि धडधाकटांजवळही, आणि विचारू लागल्या, “काय काय खाल्लेस? किती वाजता? पहिली उलटी कधी? ताप आहे का?” जेवलेले आम्ही साठ जण. बोंबील खाल्लेले बत्तीस, त्यांतले बावीस आजारी. न खाल्लेले अठ्ठावीस, त्यांतले एकोणीस आजारी. म्हणजे बोंबील खा वा खाऊ नका, शेकडा प्रमाण जवळजवळ तेच. बिचारा बोंबील निर्दोष सुटला! मग खीर. खाल्लेले एक्कावन्न, आजारी एकेचाळीस. न खाल्लेले नऊ, त्यांतला आजारी एकही नाही. काचेची एक नळीही न हलवता, पेन्सिलीच्या टोकाने, बाईंनी गुन्हा खिरीच्या पातेल्यापर्यंत आणून सोडला.

घड्याळाचीही त्यांनी साक्ष काढली. साल्मोनेला जातीचे जंतू असते, तर आजार सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही उठला असता, आणि बहुधा ताप आणता. पातेल्यात रेंगाळलेल्या मटणात किंवा दाट रश्श्यात वाढणारे क्लॉस्ट्रिडियम साधारण आठ ते सोळा तास घेतात आणि पोटात कळा आणतात. परंतु जेवणानंतर अडीच तासांत उलट्या, आणि ताप नाही, याचा अर्थ जंतूंनी पोटात जाऊन संसार थाटला नाही. त्यांनी अन्नातच विष करून ठेवले होते. असे विष करणारे दोन नामांकित जंतू आहेत. एक शिळ्या भातात वाढणारा बॅसिलस सेरियस. दुसरा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. हा माणसाच्या नाकात, त्वचेवर आणि पिकलेल्या जखमेत राहतो.

“पिकलेल्या जखमेत” हे शब्द उच्चारताना बाईंची नजर माझ्या बोटावर होती, असे मला आता आठवते. तेव्हा मी बोट मिटून घेतले. त्यांनी अन्नाला हात लागलेल्या सर्वांचे नमुने घ्यायचे ठरवले : मावशी, मदतीच्या दोन मुली, आणि मी. मी म्हटले, “मी तर फक्त देखरेख करीत होतो.” त्या म्हणाल्या, “देखरेखीचाही घेऊ.” आणि कापसाचे बोळे लावलेल्या काडीने त्यांनी माझी जखम पुसून घेतली.

खिरीचा डबा, उलट्यांचे नमुने आणि काड्या डहाणूच्या मासळीबाजारातून आणलेल्या बर्फात बसून रवाना झाल्या. येथे मला कळले की आपल्या व्यवस्थेत या प्रवासाच्या दोन वाटा आहेत. अन्नाचा नमुना जातो अन्न सुरक्षेच्या खात्याकडे, अन्न विश्लेषकाच्या टेबलावर. रोग्याचा नमुना जातो आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ सालचा. तो २०११ च्या ऑगस्टपासून अमलात आला. त्याप्रमाणे अधिकाऱ्याने घेतलेल्या नमुन्याचे चार भाग करतात, आणि विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. भेसळीच्या खटल्यासाठी हे ठीक आहे. परंतु खीर एका फायलीत आणि उलटी दुसऱ्या फायलीत राहिली, तर दोन्ही अहवाल अचूक असूनही निष्कर्ष निघत नाही. पत्रिका दोन्हीकडच्या आल्या, पण जुळवायला कोणी बसलाच नाही, तर लग्न कसे ठरणार? आमच्या बाबतीत डॉक्टरबाई दोन्हीकडे फोन करून हात धुऊन मागे लागल्या, आणि मला वाटते, निम्मे श्रेय त्या फोनांचे आहे.

आता त्या अगाराविषयी. फोनवरची माझी फजिती मला स्वस्थ बसू देईना, म्हणून मी या शब्दाचे मूळ शोधले. तो आपल्या भावकीतला नव्हेच. तो मलाय भाषेतून आला आहे. तिकडे ‘अगर-अगर’ म्हणतात. समुद्रातल्या शेवाळापासून काढलेला हा चिकट पदार्थ आपल्या घरातही येतो, फक्त किराणा दुकानात त्याला आपण ‘चायना ग्रास’ म्हणतो आणि उन्हाळ्यात त्याचे पुडिंग करतो. तो प्रयोगशाळेत पोचला कसा, ही कथा तर एका गृहिणीची आहे.

रॉबर्ट कॉखच्या काळात जंतू वाढवायला जिलेटिनचा थर वापरीत. पण जिलेटिन उन्हाळ्यात वितळे. शिवाय काही जंतू तेच खाऊन त्याचे पाणी करीत. १८८१ साली कॉखकडे काम करणारा वाल्टर हेसे याच अडचणीने त्रासला होता. त्याची बायको फॅनी त्याची चित्रे काढी आणि कामात मदत करी. त्याने तिला विचारले, “तुझी जेली उन्हाळ्यात कशी गं वितळत नाही?” ती म्हणाली, “मी अगर घालते.” न्यूयॉर्कला लहानपण गेले असताना, जावामध्ये राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून तिला ही युक्ती कळली होती. अगर पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपास विरघळतो, कोमट झाला की गोठतो आणि मग माणसाच्या अंगाच्या उष्णतेला, सदतीस अंशांना, दगडासारखा घट्ट राहतो. जंतूंना नेमकी हीच ऊब आवडते. १८८२ साली कॉखने क्षयाच्या जंतूवरील निबंधात अगरचा उल्लेख केला. फॅनीचा केला नाही. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तिची जेली रोज थापली जाते आणि पुष्कळ ठिकाणी तिचे नाव कोणाला माहीत नसते. स्वयंपाकघरातल्या बाईचे शहाणपण वापरायचे आणि नाव घ्यायचे नाही, ही रीत काही आपल्याच देशातली नव्हे, एवढेच समाधान!

अन्न आणि रोगी यांची गाठ घालून देण्याचे कामही याच काळातले. १८८८ साली जर्मनीत फ्रांकेनहाउझेन या गावी एका आजारी गायीचे मांस खाऊन पन्नासहून अधिक माणसे आजारी पडली आणि एक तरुण कामगार मरण पावला. आउगुस्ट गेर्टनरने त्या मांसातून जंतू वाढवला, आणि मेलेल्या माणसाच्या शरीरातूनही तोच वाढवून दाखवला. एकाच आरोपीचा ठसा दोन्ही ठिकाणी! साल्मोनेला कुळातल्या त्या जंतूला आजही त्याच प्रकरणातले ‘एंटेरिटिडिस’ हे नाव आहे. शतक उलटून गेले, यंत्रे बदलली, पण अन्नविषबाधेच्या तपासाचा गाभा तोच राहिला आहे : जे ताटात होते, तेच पोटात होते का?

माझ्या खिरीचेही असेच झाले. तिचे मोजून थोडे वजन घेतात, निर्जंतुक द्रावात घोळतात, मग दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करीत जातात, कारण मूळ खिरीत जंतूंची एवढी गर्दी असते की मोजताच येत नाहीत. त्यातला थेंब अगारच्या बशीवर पसरतात. स्टॅफिलोकॉकससाठी अंड्याचा बलक घातलेला खास अगार असतो. त्यावर हे महाशय काळ्याभोर ठिपक्यांनी उगवतात आणि भोवती स्वच्छ वलय पाडतात. एक-दोन दिवस ऊब देतात. मग तो ठिपका सशाच्या रक्तातल्या द्रवात घालून पाहतात. तो साकळला की ओळख पटली. या सगळ्याला दिवस लागतात, आणि साल्मोनेला नाहीच असे छातीठोक सांगायला त्याहूनही अधिक. प्रयोगशाळेत घाई चालत नाही. जंतू आपल्या गतीनेच वाढतो. मंत्र्याचा फोन आला म्हणून तो लवकर उगवत नाही.

मुले दोन दिवसांत घरी गेली. ज्या मुलीचे हातपाय गार पडले होते, ती सर्वांत शेवटी, हसत गेली. हे जंतू बहुधा असेच निघतात : छळतात फार, पण लवकर सोडतात. तोपर्यंत पाड्यावर माझे शब्द फिरले होते. मावशींना मिळालेले एका हळदीचे काम सुटले. दुसऱ्या एका घराने “पुढे बघू” म्हणून निरोप पाठवला.

अहवाल आला. खिरीत ग्रॅममागे एक लाखाहून पुष्कळ अधिक स्टॅफिलोकॉकस ऑरियस. सहा मुलांच्या उलट्यांत तोच. मावशींचे हात, नाक, नखे स्वच्छ. दोन्ही मुलींचे स्वच्छ. माझ्या बोटाच्या जखमेत स्टॅफिलोकॉकस ऑरियस.

मी वकिली केली. म्हटले, “हा जंतू पुष्कळांच्या अंगावर असतो म्हणता ना? मग माझाच कशावरून?”

बाई शांतपणे म्हणाल्या, “तुमचे बरोबर आहे. आत्ता फक्त आडनाव जुळले आहे. सख्खे भाऊ की चुलत, हे पाहायला जनुके वाचावी लागतात. हवे असेल तर पुढच्या प्रयोगशाळेत पाठवू. पण सर, खीर शिजून उतरल्यावर तिच्यात हात कोणाचा गेला?”

उकळत्या खिरीत जंतू मेले असते. माझे खोबरे गेले ते उतरवलेल्या, कोमट खिरीत. सात ते एक, सहा तास झाकलेले पातेले, डिसेंबरातही दुपारी चांगलेच तापणारे आमचे ऊन, दूध, साखर. अशा थाटात हा जंतू अर्ध्याएक तासाला दुप्पट होतो. आणि त्याचे विष एकदा तयार झाले की खीर पुन्हा उकळली असती तरी ते गेले नसते. ते उष्णतेला दाद देत नाही. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. खीर उत्कृष्ट झाली होती, असे सगळी मुले आजही सांगतात.

जनुके वाचायला मी पाठवली नाहीत. आपला सख्खा भाऊ आपल्याला ओळखू येतो.

हा कागद मी खिशात दोन दिवस बाळगला. मुले बरी झाली होती, प्रकरण निवळले होते, कोणी विचारीत नव्हते. कागद खिशात तसाच राहिला असता तर काही बिघडले नसते, मावशींखेरीज कोणाचे. तिसऱ्या दिवशी मी तलासरीच्या गाडीत बसलो. पाड्यावरच्या शाळेत, जिथे आधी बोललो होतो त्याच ओसरीवर, चार माणसे बोलावून अहवाल वाचून दाखवला आणि बोट दाखवले. तीस वर्षे भाषेचा अभ्यास केलेल्या माणसाला त्या दिवशी फार थोडे शब्द सुचले. मावशी म्हणाल्या, “बोटाला हळद लावायची होती, मास्तर.” एवढेच. हळदीचे गेलेले काम मात्र परत आले नाही. अहवाल पाचव्या दिवशी येतो. आळ पहिल्याच संध्याकाळी पोचलेला असतो.

म्हणून हे लिहितो आहे. आमच्या भागाला ही गोष्ट परकी नाही. २०२४ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डहाणू प्रकल्पातल्या आश्रमशाळांतल्या दोनशेहून अधिक मुलांना मळमळ, उलट्या आणि चक्कर यांनी गाठले. मध्यवर्ती स्वयंपाकघरात शिजलेले जेवण अनेक शाळांत गेले होते. मुले ठिकठिकाणच्या रुग्णालयांत दाखल झाली आणि अन्नाचे नमुने तपासणीला गेले. एका चुलीवर वीस जण जेवत तेव्हा चूक वीस जणांपुरती असे. आता एका पातेल्यामागे शेकडो ताटे असतात. अशा वेळी “कोणी केले?” हा प्रश्न सगळे विचारतात, “कशाने झाले?” हा प्रश्न फक्त प्रयोगशाळा विचारते. आणि दुसऱ्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या महिन्यातले जेवण सुरक्षित होत नाही.

प्रयोगशाळेलाही प्रश्न नीट विचारावा लागतो. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली. तेथे अगारच्या बशीवर काहीही उगवले नसते. न्यायवैद्यक रसायनशाळेने तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक शोधून काढले. जंतू शोधायचा की विष, हे बशी ठरवीत नाही; आजाऱ्याला किती वेळात काय झाले, हे ज्याने नीट टिपले त्याची वही ठरवते. मुलांआधी शिक्षकाने जेवण चाखावे असा नियम आहे, तो चांगलाच आहे. पण चाखणाऱ्याच्या जिभेला माझ्या बोटाचा जंतू कळला नसता.

मग करायचे काय? आपल्याकडे जेवणाआधी घास काढून ठेवायची जुनी चाल आहे. एक देवाचा, एक गाईचा, एक कावळ्याचा. पानाभोवती चित्राहुती वेगळ्या. माझे म्हणणे एवढेच, की जिथे पन्नास पाने उठतात तिथे एक घास प्रयोगशाळेचाही काढावा. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर, उकळलेल्या चमच्याने, झाकणाच्या स्वच्छ डब्यात, वर तारीख आणि वेळ लिहून. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस ठेवावा आणि काही झाले नाही तर टाकून द्यावा. काही झालेच, तर भांडी घासायच्या आधी डॉक्टरला फोन करावा. उपचार थांबवू नयेत, मीठ-साखरेचे पाणी लगेच सुरू करावे. पण कपाटातली जंतुनाशक गोळी मनानेच देऊ नये, कारण ती नमुन्यातला साक्षीदारच मारून टाकते. आणि उलटी-जुलाबाचा नमुना मागितला तर लाजू नये. लाज तिथे आपल्या कामाची नाही, जंतूच्या कामाची असते.

विमानातल्या जेवणापासून मोठ्या वसतिगृहांपर्यंत पुष्कळ ठिकाणी असा डबा ठेवतात. लग्नघरात मात्र “आमच्या स्वयंपाकावर संशय घेता काय?” असा प्रश्न येतो. त्यावर उत्तर असे, की डबा आचाऱ्याला अडकवायला नसतो. बहुतेक वेळा तो त्याला सोडवायलाच असतो. डबा नसेल तेव्हा दोष सर्वांत गरीब हातावर जाऊन बसतो. मी तो स्वतः नेऊन बसवला होता.

यंदाही दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन मावशींकडे जाणार आहे. गेल्या वर्षी गेलो तेव्हा नात दहावीला बसली होती, ‘लॅबमध्ये काम करायचे’ म्हणत होती. मी लाडू पुढे केले. मावशींनी दोन खाल्ले, नातीला दोन दिले आणि एक उचलून स्टीलच्या लहान डबीत ठेवला.

मी विचारले, “हा कोणासाठी?”

मावशी म्हणाल्या, “तुमच्यासाठी. उद्यापर्यंत ठेवते.” आणि माझ्या हाताची दहाही बोटे निरखून पाहत, सात दिवसांच्या शिबिरात एकदाही हसल्या नव्हत्या तशा हसल्या.